शिकारीचा वाटा

दिवाळीनंतर घरातली जुन्या फोटोंची पेटी उपसायला घेतली. निम्मे फोटो एकमेकांना चिकटलेले, उरलेल्यांतल्या निम्म्या माणसांची नावे आठवेनात. शेजारी दहा वर्षांचा नातू मांडी घालून बसला होता. त्याने एक फोटो अलगद सोडवला आणि माझ्यापुढे धरला.

फोटो १९६९ सालच्या जानेवारीतला. चिरनेरला, मामाच्या अंगणात काढलेला. मधोमध मामा. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर दुनळी बंदूक, उजव्या हातात कानांना धरून उचललेले दोन ससे. एका बाजूला माझे दोघे मामेभाऊ, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी. मागे ओटीच्या खांबाला टेकून आई आणि मामी. दोघींनाही हसू आवरत नाही आहे.

"आजोबा, तुम्ही ससे मारायचात?" नातवाने विचारले.

"मी नाही रे. मामा मारायचा. मी डबा वाजवायचो."

"मजा यायची?"

आजकालच्या मुलांना वाघ, हत्ती, कासव या सगळ्यांची काळजी शाळेतच शिकवलेली असते. ते चांगलेच आहे. त्याने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या डोळ्यांत ती काळजी होती आणि तिच्या मागे दहा वर्षांच्या मुलाचे निखळ कुतूहलही होते. 'हो' म्हणावे तर आजोबा त्याच्या नजरेतून उतरणार. 'नाही' म्हणावे तर ते साफ खोटे. मी चष्मा पुसायला घेतला आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

शनिवारची एसटी

चिरनेर हे माझे आजोळ. आज हे गाव उरण तालुक्यात येते. जुन्या कागदपत्रांत ते पनवेल तालुक्यातले. गावात महागणपतीचे जुने देऊळ, देवळालगत तळे, सभोवार भाताची खाचरे आणि पाठीशी अक्कादेवीचा डोंगर. आम्ही पनवेलला राहायचो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आई दप्तर ठेवू द्यायची, दोन घास खायला घालायची आणि आम्ही चिरनेरची एसटी धरायचो.

मामाची थोडी भातशेती होती आणि मिठागराचे काम. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता, शिकारीचाही होता. त्या काळी त्यात गैर असे कोणालाच वाटत नसे. जिल्ह्याच्या गावी डॉक्टर, वकील, फौजदार असे चारजण जमले की निम्म्या गप्पा खटल्यांच्या आणि निम्म्या शिकारीच्या. कोणाच्या दिवाणखान्यात भेकराची शिंगे, कोणाच्या ओटीवर साळींदराचे काटे. शिकार हा घरंदाज माणसाचा छंद होता आणि आमच्या आजोळी तो साऱ्या घराचा होता.

खरी मजा आदल्या रात्रीपासून सुरू व्हायची. मामा कंदिलाच्या उजेडात बंदुकीच्या नळ्या साफ करायला बसे. आम्ही तिघे भोवती. तेलाचा वास, गजाला गुंडाळलेली चिंधी, एका डोळ्याने नळीतून कंदिलाकडे बघणे. काडतुसे मोजायचे काम माझ्याकडे असे, कारण माझे गणित चांगले. पाच न्यायची म्हणजे पाच. संध्याकाळी उडवलेली आणि उरलेली मिळून पाच भरली पाहिजेत. पुढे आयुष्यभर बँकेत दिवसाचा ताळा जुळवताना मला मामाची ओटी आठवायची.

पहाटे चारला उठवले जाई. आजी चहा द्यायची, पण शिकारीचे नाव घ्यायची नाही. तिच्या चुलीवर रानचे मटण चढत नसे. ते अंगणात तीन दगडांवर पुरुषांनी शिजवायचे, असा घरचा करार होता. जानेवारीत भाताच्या कापणीनंतर खाचरांत वाल पेरलेला असे. कोवळ्या वालाला ससे येत. दव इतके की पोटऱ्यांपर्यंत पाय भिजून जात. आम्ही मुलांनी अर्धगोलात उभे राहायचे, इशारा झाला की डबे बडवत पुढे सरकायचे. मामा वाऱ्याच्या खालच्या अंगाला एखाद्या आंब्याआड उभा. त्याचे नियम कडक होते. बांध ओलांडताना बंदूक मोडून काडतूस काढून घ्यायचे. बाराच्या दिशेला माणूस नको, गुरू नको. पिलांमागे असलेल्या जनावरावर बार नाही. जखमी करून सोडायचे नाही. रक्ताचा माग संध्याकाळपर्यंत काढावा लागला तरी काढायचा.

आणि मग तो बार. डोंगरावर आपटून परत येणारा. त्यानंतरची ती शांतता, सगळे पक्षी गप्प. पोटात खड्डा पडे, छाती धडधडे आणि पाय आपोआप पळायला लागत. ससा हातात घेतला तर तो गरम असे. त्याच्या पोटाची लव मऊ असे. ते एक क्षणभर कसेसेच होई. पण मागून मामेभाऊ ओरडत येत, त्यांच्या गलक्यात ते विरून जाई. माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटू शकतात हे मला तिथे प्रथम कळले. तेव्हा त्याला नाव देता आले नव्हते इतकेच.

दुपारी अंगणात रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाच्या शेंगांची पोपटी. भांबुर्ड्याचा पाला घातलेले मडके पालथे करून जाळात ठेवलेले. मामी आणि आई आजीची नजर चुकवून रश्श्यात भाकरी बुडवायच्या. आई सासरी असताना कधी मोठ्याने हसल्याचे मला आठवत नाही. चिरनेरच्या अंगणात ती हसायची. फोटोतले हसू ते आहे.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे : हो, मजा यायची. अख्ख्या घराला यायची. ती खोटी नव्हती.

फोटोत नसलेला माणूस

पण त्या फोटोत एक माणूस नाही. तो नसता तर मामाच्या हातात ससाही नसता.

अक्कादेवीच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी होती. तिथून पहाटे एकजण यायचा. त्याला नाव होते, बायकोमुले होती. पण आमच्या घरी सगळे त्याला 'वाटाड्या' म्हणत, म्हणून आम्ही मुलेही तेच म्हणत असू. अंगाने काटक, पायात काही नाही, कमरेला कोयता. रात्री ससा कोणत्या बांधावरून आला, कोणत्या झुडपात बसला असेल, हे तो जमिनीकडे बघून सांगायचा. लेंडी बोटांत चुरून ती आजची की कालची ते सांगायचा. कान हलवू नका, नुसते ऐका, असे म्हणायचा. मला हसू यायचे, माणसाचे कान हलतात कुठे? त्याला म्हणायचे होते की डोके वळवू नका. मामा नेम धरायचा, शिकार तो करायचा.

वाटे पडताना मात्र हिशेब वेगळा असे. बंदुकीचे दोन वाटे, हाकाऱ्यांचा एक. वाटाड्याला मुंडी, पाय आणि आतडी. कधी होले मिळाले तर त्यातले दोन. तो काही बोलत नसे. केळीच्या पानात बांधून घेई आणि जाई. त्याच्या घरी चुलीवर त्या दिवशी तेवढेच असेल, हे आम्हाला सुचले नाही. आम्ही पोपटीत गुंग.

कातकरी हा शब्द काथावरून आला. खैराच्या झाडापासून काथ काढणारे ते काथोडी, कातकरी. झाडे सरकारजमा झाली तसा तो धंदा गेला. मग कोळसा पाडणे, वीटभट्टी, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. महाराष्ट्रात विशेष दुर्बल आदिवासी म्हणून ज्या तीन जमाती गणल्या जातात, त्यात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. शेतातले उंदीर, ओढ्यातले मासे, मुठे, ससा, होला हे त्यांचे रोजचे कोरड्यास होते. त्यांच्याही घरी अख्खे कुटुंब शिकारीला जायचे. बाप बीळ उकरायचा, पोरे दुसऱ्या तोंडाशी बसायची, बाई हातात फडके धरून उभी. हसणे-खिदळणे तिथेही असायचे. फरक एवढाच की आमच्याकडे शिकार फसली तर आजी पिठले टाकायची. त्यांच्याकडे फसली तर फसली.

याच डोंगरावर आणखी एक गोष्ट घडून गेली होती आणि ती आम्हाला लहानपणापासून पाठ होती. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडायचे ठरवले. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैत गवत कापून सुरुवात केली आणि मग महाराष्ट्रभर कोयते, कुऱ्हाडी बाहेर पडल्या. चिरनेरला तर मिठागरेही जवळ होती आणि जंगलही. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतली माणसे अक्कादेवीच्या डोंगराकडे लाकूड तोडायला निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदार जोशी यांचाही त्यात अंत झाला. आठ हुतात्म्यांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी.

गावात हुतात्म्यांचे स्मारक आहे. दर वर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. आजोबा आम्हाला स्मारकापाशी नेऊन आठही नावे म्हणायला लावत. नाग्या महादू कातकरी हे नाव मी घडाघडा म्हणायचो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ज्याच्या मागे चालायचो त्या कातकऱ्याला 'वाटाड्या' म्हणून हाक मारायचो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला पन्नास वर्षे लागली.

नेम धरणारे आणि नेम सोडणारे

छंद म्हणून शिकार करणारी सगळीच माणसे आंधळी होती असे नाही. उलट रानाचे मोठे मोठे जाणकार शिकारीतूनच घडले. डॉ. सलीम अली यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. मामा स्वतः शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली आणि त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामाला सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या त्या संस्थेत मुलाने भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे पाहिली आणि भारताला आपला पक्षीतज्ज्ञ मिळाला.

यातला योगायोग असा की १९३० साली, म्हणजे चिरनेरला गोळीबार झाला त्याच वर्षी, आणि त्याच कुलाबा जिल्ह्यात, सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. हाती नोकरी नव्हती. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तासन्‌तास बसून बघत राहिले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन तो तपासते, पसंत पडला तर आत राहते आणि मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, हा सुगरणीच्या संसाराचा उलगडा त्या बैठकीतून झाला. दबा धरून बसायचे, श्वास रोखायचा, डोळ्याचे पाते लवू द्यायचे नाही, सगळे शिकाऱ्याचेच. फक्त शेवटी बार काढायचा नाही.

आपल्या व्यंकटेश माडगूळकरांचेही तेच. तरुणपणी त्यांनी शिकारी केल्या. पुढे बंदूक बाजूला राहिली आणि रानातल्या वाऱ्या मात्र चालू राहिल्या. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईवरचे 'सत्तांतर' ज्याने लिहिले त्याने वानरांकडे किती वेळ नुसते पाहिले असेल! संस्थानिकांच्या शिकारीच्या रानांचेही असेच झाले. कोल्हापूरच्या महाराजांचे दाजीपूरचे शिकारीचे जंगल १९५८ साली अभयारण्य झाले. आमच्या रायगड जिल्ह्यातले फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान. ते १९८६ साली अभयारण्य झाले. आणि चिरनेरच्या डोंगरांपलीकडचे कर्नाळा १९६८ सालीच पक्ष्यांसाठी राखले गेले होते. म्हणजे माझा तो फोटो काढला तेव्हा काही मैलांवर पक्ष्यांना अभय मिळालेले होते आणि अलीकडे आम्ही डबे बडवत होतो.

जामीन

शिकारीचा छंद एका दिवसात संपला नाही. आधी मुंबई राज्याचा १९५१ सालचा वन्य पशुपक्ष्यांचा कायदा होता. मग १९७२ साली संसदेने वन्य जीव संरक्षण कायदा केला. पुष्कळांचा असा समज आहे की त्या दिवसापासून शिकार बंद झाली. तसे नाही. त्या कायद्यातही काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची सोय ठेवलेली होती. ती सोय १९९१ सालच्या दुरुस्तीने गेली. पण वारे कुठून वाहते आहे ते मामाने १९७२ सालीच ओळखले. काडतुसे मिळणे महाग झाले होते, परवान्याचे खेटे वाढले होते. शिवाय ससेही पूर्वीसारखे दिसत नव्हते, हे तो स्वतःच म्हणायचा. एका दसऱ्याला त्याने बंदुकीची पूजा केली, तेल लावून ती कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी रानात नेली नाही. गावात त्याचे कौतुक झाले. मामाने छंद सोडला.

वाटाड्याला सोडता येईल असा छंद नव्हता. परवाना त्याच्याकडे आधीही नव्हता, नंतरही नव्हता. मामाच्या मागे चालताना त्याला कोणी काही विचारत नसे. एकटा चालू लागल्यावर विचारू लागले. १९७४ साली वागुरीत सापडलेले दोन ससे घेऊन घरी जाताना तो पकडला गेला. दोनच ससे. फोटोत मामाच्या हातात होते तेवढेच.

त्याची बायको आमच्या अंगणात आली. मी तेव्हा सुट्टीला चिरनेरला होतो, पंधरा वर्षांचा. मामाने येऊन दोन शब्द सांगावेत, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे म्हणावे, जामीन राहावे, एवढेच तिचे म्हणणे. मामा वाईट माणूस नव्हता. पण कायदा नवा होता, घरात बंदूक होती आणि शिकारीच्या भानगडीत आपले नाव कशाला, असे त्याला वाटले. त्याने तिला पायली भात दिला आणि परत पाठवले. मामी ओटीच्या त्याच खांबाला टेकून उभी होती. कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. वाटाड्याला दंड झाला, तो भरायला त्याने वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली आणि उचल फेडायला सगळे कुटुंब घाटावर भट्टीवर गेले. पुढच्या पावसाळ्यात ती माणसे परत आली. वाटाड्या पुन्हा आमच्या अंगणात आला नाही.

मी पुढे बँकेत अधिकारी झालो. कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या घेता घेता नोकरी संपली. जामीनदार या शब्दाचा खरा अर्थ मला त्या अंगणात कळला होता. ज्याच्या मेहनतीवर आपण खाल्लेले असते, त्याच्या अडचणीत आपली सही असायला हवी. आमच्या घराची ती सही राहून गेली.

कोणी म्हणेल, मग काय कातकऱ्यांना शिकार खुली करायची? माझे म्हणणे तसे नाही. आज रान उरले आहे किती, की त्यातले जनावर कोणी मारावे? २००६ सालच्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरचे, गौण वनउपजांचे, गुरे चारण्याचे, पाण्यातल्या मासळीचे हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला. तो वगळला हे मला योग्य वाटते. पण आपण छंद सोडला आणि त्यांनी ताटातले सोडले, या दोन त्यागांना एकच माप लावू नये. पहिल्याचे कौतुक झाले. दुसऱ्याला दंड.

आजची मजा

अलीकडे या परिसराचे रूप पालटले आहे. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला. खाचरांच्या जागी कंटेनरची आवारे, डोंगराच्या कडेने फार्महाऊस. मुंबईची कुटुंबे शनिवार-रविवार येतात. त्यातल्या काही घरांत छर्ऱ्याची बंदूकही असते. 'सहज, मुलांना गंमत म्हणून' होल्यांवर, खारींवर नेम धरले जातात. ही मंडळी दुष्ट नसतात; माझ्या मामासारखीच हौशी असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की काही छर्ऱ्याच्या बंदुकांना परवाना लागत नाही, म्हणून पाखरू मारायला परवानगी मिळते असे नव्हे. कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणे, पकडणे, फासा लावणे तर आलेच, पण जनावर हाकून आणणे आणि घरट्यांची, अंड्यांची नासधूस करणे हीसुद्धा त्यात येते. आजच्या हिशेबाने डबा वाजवणारा मीही शिकारीच! २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे; जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांसाठी ती याहून कडक आहे.

पण नुसता धाक घालून मुलांचे कुतूहल शमत नाही. शिकारीत जे खरे सुख होते ते कोणत्या गोष्टींचे होते, याचा मी नीट विचार केला. पहाटे उठणे. सगळ्या घराने एकत्र निघणे. वाऱ्याची दिशा बघणे, माग काढणे, गप्प बसणे. काहीतरी दिसेल की नाही ही धाकधूक. आणि परत आल्यावर अंगणात बसून तेच तेच पुन्हा सांगणे. या सगळ्यात बंदूक लागते ती एका क्षणापुरती. तो क्षण वजा केला तर बाकी पुष्कळ मोठी उरते.

म्हणून या डिसेंबरात नातवाला घेऊन गेलो. आधी कर्नाळ्याला. सकाळी लवकर गेलात आणि बडबड केली नाहीत तर तिथे स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी फांद्यांतून फितीसारखी जाताना दिसते. तांबटाची ठोकठोक ऐकू येते. नातवाला गप्प बसायला अर्धा तास लागला. मग तो इतका गप्प बसला की मलाच खोकला दाबावा लागला.

तिथून चिरनेरला. स्मारकापाशी आठही नावे वाचली. त्याला आधी 'कातकरी' हे आडनाव वाटले. मी त्याला समजावून सांगितले. मग पायथ्याच्या वाडीवर गेलो. वाटाड्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्याचा नातू कंटेनरच्या आवारात कामाला जातो. त्याने मला ओळखायचे काही कारण नव्हते. मी आजोबांचे नाव घेतले. त्यांचे खरे नाव. ते मी येण्यापूर्वी मामेभावाला फोन करून विचारून घेतले होते. त्याला जरा नवल वाटले. मग म्हणाला, "बसा ना बाबा."

तो आम्हाला वाडीमागच्या बांधावर घेऊन गेला. पावसाळ्याच्या पहिल्या सरींना ओढ्यातले मासे खाचरांत चढतात, रात्री बत्ती घेऊन मुठे धरायला अजूनही सगळी वाडी निघते, पोरांना तीच मोठी मजा, असे चालता चालता सांगत होता. "तुम्ही जूनमध्ये या, याला मुठा कसा धरायचा ते दाखवतो. नांगीकडून हात घातला तर बोट गेले." नातू खूष. मग तो एकदम थांबला, खाली बसला आणि मातीतून दोन बारीक गोळ्या उचलून त्याने नातवाच्या तळहातावर ठेवल्या.

"ससा. रातचाच."

नातवाने त्या बोटांत चुरून पाहिल्या. कोणी सांगितले नव्हते.

येताना मी बरोबर फोटोची एक प्रत आणली होती, ती द्यावी की नाही याचा विचार करत होतो. त्यात त्याचे आजोबा नाहीत, मग ती देऊन काय करायचे? शेवटी दाखवली आणि खरे ते सांगितले. हे ससे तुझ्या आजोबांनी शोधले होते, फोटो काढताना त्यांना कोणी बोलावले नाही. त्यानंतरची जामिनाची गोष्टही सांगितली. तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी सांगायची त्या पायली भाताचं." म्हणजे ती गोष्ट त्यांच्याही घरात राहिली होती. बाकी काही तो बोलला नाही. चहा मात्र घ्यायला लावला.

परत येताना गाडीत नातवाने पुन्हा विचारले, "पण तुम्हाला मजा यायची ना?"

"यायची," मी म्हणालो. "खूप यायची. पण तिचे पैसे दुसऱ्याने भरले होते."

तो थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला. मग म्हणाला, "जूनमध्ये आपण मुठे धरायला येऊ तेव्हा त्या काकांचा पण फोटो काढू."

आता जूनची वाट बघतो आहे.